घोटा मोडल्यावरचं पोहणं

मुलाच्या घरासमोर तीन पायऱ्या होत्या. त्यांच्यावरून मी पडले तेव्हा माझ्या हातात कचऱ्याची पिशवी होती आणि पडतानाही मी ती सोडली नाही. सून अजून त्यावरून हसते. म्हणते, पिशवी सोडून कठडा धरला असता तर घोटा वाचला असता. तिचं खरं आहे. पण पिशवीत आदल्या दिवशीच्या मासळीचे काटे होते. ते शेजाऱ्यांच्या दारात सांडले असते तर मला त्या गल्लीत तोंड दाखवायची लाज वाटली असती.

रात्री पाऊस पडला होता आणि पहाटे तो जागच्या जागी गोठला होता. बर्फ पांढरा असला की दिसतो तरी. हा काचेसारखा होता. उजवा पाय अंगाखाली वळला आणि कडकन आवाज आला. मला वाटलं पिशवीतलं काही मोडलं. मुलगा नुसत्या मोज्यांवर धावत बाहेर आला, तोही घसरला, आणि तसाच बसून त्याने माझं डोकं मांडीवर घेतलं. त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

दवाखान्यात पायात धातूची एक पट्टी आणि सात स्क्रू घातले. मुलाने एक्स-रे उजेडाला धरून मला एकेक मोजून दाखवला. मी म्हटलं, "एवढ्यात तर एक पाट बनला असता." तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

हे अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधलं. मुलगा तिथल्या विद्यापीठात संशोधनाचं काम करायचा, सून एका प्रयोगशाळेत होती. दोघं सकाळी आठला जायचे ते संध्याकाळी यायचे. यजमान गेल्यावर मुलाने मला नागपूरहून आणलं त्याला दीड वर्ष झालं होतं. मी चौथी शिकलेली. मराठी वाचते, लिहिते, पण इंग्रजी आलं की माझी मान आपोआप खाली जाते. तशी मी मराठीतही फार बोलणारी नाही. चार बायका जमल्या की मी भाजी निवडायला घेते.

पण आठवड्यातून दोन दिवस, मंगळवारी आणि गुरुवारी, मी एकटी बसने बाहेर पडायची. पोहायला जायची. ते कसं सुरू झालं ते सांगते.

सुनेची पाठ दुखायची. डॉक्टरांनी तिला पोहायला शिकायला सांगितलं. गावातच सगळ्यांसाठी एक पोहण्याचा तलाव होता, काचेच्या भिंतींच्या इमारतीत, पाणी कोमट. ती एकटी जायला घाबरायची म्हणून मी सोबत जाऊन बाकावर बसायची. ती काठ धरून उभी राहायची आणि पाणी छातीला लागलं की ओरडायची. दोन दिवस मी बघितलं. तिसऱ्या दिवशी न राहवून म्हटलं, "पाय सोड गं. पाणी धरतं आपल्याला."

"तुम्हाला काय माहीत, आई?"

"मला येतं पोहता."

ती माझ्याकडे बघतच राहिली. घरी जाऊन तिने मुलाला सांगितलं, तर त्यालाही माहीत नव्हतं. माहीत कसं असणार? लग्न होऊन नागपूरला आले ती सरकारी नळावर. पस्तीस वर्षं बादलीपेक्षा मोठं पाणी मी पाहिलं नाही.

माहेर माझं नदीकाठचं. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला होती, आणि आम्ही नदीवर जायचो तेही गावच्या घाटाच्या खाली. विहिरीवर आम्हाला चढता येत नव्हतं. पण नदीत आमच्या बाजूला कमरेच्या वर पाणी असायचं आणि मला बाबांनी सहाव्या वर्षीच त्यात सोडलं. पाठीला दोन तुंबे बांधले होते. वाळलेला भोपळा आतून पोकळ केला की त्याला आमच्याकडे तुंबा म्हणतात, तो माणसाला बुडू देत नाही. महिनाभराने एक तुंबा सोडला, मग दुसरा. दहाव्या वर्षी मी नदी आडवी पार करायची, परकराचा काचा मारून, कुशीवर, केस कोरडे ठेवून.

तर पस्तीस वर्षांनी मी अमेरिकेत पाण्यात उतरले आणि पाच मिनिटांत सगळं आठवलं. सुनेने मला पोहण्याचे कपडे आणून दिले. मी त्यावर मुलाचा लांब बनियन आणि खाली घट्ट पायजमा घातला. तलावावर देखरेख करणाऱ्या बाई जाडजूड, पन्नाशीच्या, गळ्यात शिट्टी. त्यांनी कपडे हाताने चाचपून बघितले आणि चालेल म्हणाल्या. खोल पाण्यात जायचं तर तिथे एक नियम होता: त्यांच्या डोळ्यांसमोर, मध्ये न थांबता, दोरी न धरता, या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहून दाखवायचं. मग ते एक कार्ड देत. मला ते पहिल्याच दिवशी मिळालं. सुनेने मात्र तिसऱ्या आठवड्यात पोहणं सोडून दिलं आणि पाठीला पट्टा घेतला.

मंगळवार-गुरुवारी दहा ते अकरा वयस्क बायकांची वेळ असायची. तिथे मला कुणी काही विचारायचं नाही. पाण्यात बोलायची गरजच पडत नाही. फुलाफुलांची रबरी टोपी घालणारी एक उंच म्हातारी होती, पंच्याहत्तरच्या पुढची. ती मला बघितलं की हात वर करायची, मीही करायची. आमची ओळख तेवढीच होती, आणि मला ती पुरेशी होती. येताना मी बसमध्ये खिडकीशी बसायची, ओले केस टोपीखाली, आणि मला वाटायचं, बघा, मी एकटी या देशात फिरते आहे.

घोटा मोडला आणि ते सगळं बंद झालं. आधी प्लास्टर, मग कुबड्या, मग काठी. महिन्यातून एकदा आमच्या नागपूर-मुंबईकडच्या बौद्ध मंडळींची वंदना कुणाच्या तरी घरी असायची. सगळे खाली सतरंजीवर बसायचे आणि मी मागे खुर्चीवर, एखाद्या पाहुण्या अध्यक्षासारखी. मला त्याची फार लाज वाटायची.

बर्फ वितळला तेव्हा पायाचे व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी सांगितलं की हिला पाण्यात जाऊ द्या, पाण्यात पायावर भार येत नाही. मुलाला ते पसंत नव्हतं. त्याला त्या दिवशीची पायरी आठवत असणार. तो म्हणाला, "ओली फरशी असते तिथे." शेवटी सुनेने मला गाडीने सोडायचं आणि न्यायचं, असं ठरलं.

पहिल्या दिवशी मी शिडी धरून उतरले. पाणी तेच होतं, पण पाय माझा नव्हता. घोटा लाकडासारखा. डावा पाय पाणी मारायचा आणि उजवा नुसता मागून ओढला जायचा, त्यामुळे मी सरळ जायचं सोडून उजवीकडे वळायची आणि रंगीत चकत्यांच्या दोरीत जाऊन अडकायची. दोनदा अडकले. तिसऱ्यांदा नाकात पाणी गेलं आणि मी घाबरले. पाण्याला मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते. शिट्टीवाल्या बाईंनी मला बाहेर काढलं आणि माझं खोल पाण्याचं कार्ड काढून घेतलं. रागाने नाही. सुनेला त्यांनी समजावलं की एवढ्या दुखापतीनंतर परीक्षा पुन्हा द्यावी लागेल. तोवर उथळ भागात थांबा.

आता उथळ भागात त्याच वेळी बायकांचा गाणी लावून व्यायाम चालायचा. वीस बायका आणि मी, कोपऱ्यात. मला वाटलं, आपल्याला काय झालंय? आपण परत सहा वर्षांच्या झालो आहोत. मग सहा वर्षांच्या मुलीला जे लागतं ते लागणार. तुंबे लागणार.

ॲन आर्बरला तुंबे कुठून आणू? पण दूध तिथे मोठ्या पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यात यायचं, एका डब्यात चार लिटरच्या आसपास. झाकण घट्ट. मी दोन डबे गरम पाण्याने धुतले, वाळवले, झाकणं पक्की लावली. जुन्या सुती लुगड्याचा काठ फाडून लांब पट्टी केली, दोन्ही डब्यांच्या मुठींतून ओवली. घरातल्या टबात दाबून पाहिले, तर हात थकला पण डबा बुडेना. सुनेला काही बोलले नाही. विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती, आणि नाही विचारलं तर तिला नको म्हणायला मिळणार नव्हतं.

गुरुवारी पिशवीत डबे घेऊन गेले. सून मला दारात सोडून कामाला गेली. कपडे बदलायच्या खोलीत मी डबे काखेखाली दोन बाजूंना घेतले, पट्टी छातीवरून दोनदा फिरवली, बाबा मारायचे तशी गाठ मारली आणि काठी टेकत बाहेर आले.

गाण्यावर नाचणाऱ्या वीस बायका थांबल्या. गाणं चालूच होतं. फुलाच्या टोपीची म्हातारी शिडीला धरून हसायला लागली, इतकी की तिला खाली बसावं लागलं. मी मान खाली घालून चालत राहिले. खोल पाण्यापर्यंत आले आणि शिट्टी वाजली. मला वाटलं, दुसऱ्या कुणासाठी असेल. परत वाजली. मग शिट्टीवाल्या बाई स्वतःच आल्या आणि माझा दंड धरला.

त्यांनी प्रयोगशाळेत फोन केला. सून वीस मिनिटांत आली, गळ्यात कामाचं ओळखपत्र तसंच. तोवर मी बाकावर बसले होते, डबे बांधलेलेच, कारण बाबांची गाठ आपली आपल्याला सोडवता येत नाही.

सुनेने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"आई, दूध घालायला निघालात का?"

"तुंबे आहेत ते."

"तुंबे? चक्क स्किम मिल्कचे?"

"सायीच्या दुधाच्या डब्याचं झाकण गळतं. हे चांगले आहेत."

ती गाठ सोडवत होती आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रागावली. पाहिलं तर तोंड दाबून हसत होती. मग तिने शिट्टीवाल्या बाईंना सगळं सांगितलं: नदी, भोपळे, बाबा. त्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी एक डबा हातात घेऊन वळवून बघितला, झाकण दाबलं आणि सुनेशी बोलल्या.

"त्या म्हणतात, कल्पना बरोबर आहे, पण घरून बांधून आणलेलं काही चालत नाही. दोरी गळ्याला अडकते. त्या तुम्हाला फोमचा पट्टा देतील, उथळ पाण्यात वापरायला. आणि तीन आठवड्यांनी परीक्षा घेतील. तेव्हा पट्टा नाही, काही नाही."

फुलाच्या टोपीच्या म्हातारीने माझे दोन्ही डबे उचलून बाकावर शेजारी शेजारी बसवले आणि त्यांच्या खांद्यावर एक टॉवेल टाकला, थंडी वाजू नये म्हणून. मग मलाही हसू आलं.

संध्याकाळी मुलाला कळलं. तो हसला नाही.

"आई, बस झालं आता. चालता येतंय ना तुला? पुरे झालं. तिथे काही झालं असतं तर?"

मी पोळ्या लाटत होते, लाटत राहिले. आणि त्याची भीती खोटी नव्हती. सून म्हणाली, "एकदा परीक्षा देऊ दे त्यांना. तू तुझी परीक्षा दोनदा दिली होतीस, विसरलास?"

"ती गाडी चालवायची होती."

"तेव्हाही आम्हाला भीती वाटतच होती की."

त्याने पाण्याचा पेला रिकामा केला. मग म्हणाला, "एकदा. नाही जमलं तर हा विषय संपला."

"बरं," मी म्हटलं. एवढंच बोलले, पण मनात मला माहीत होतं की नाही जमलं तर मंगळवार-गुरुवार गेले. मग बस नाही, खिडकीजवळची जागा नाही. मग मी घरात बसून त्यांची वाट बघणारी म्हातारी होणार, आणि मी तर तेव्हा चोपन्नच वर्षांची होते.

तीन आठवडे मी पट्टा बांधून उथळ पाण्यात घासले. टबात गरम पाणी घेऊन घोटा वर-खाली करायची, स्वयंपाक करताना ओट्याला धरून टाचा उचलायची. सून जाता येता म्हणायची, "आई, भाजी करपतेय, पण टाच मस्त चाललीय." घोटा थोडा सुटला. उजवीकडे वळणं काही पूर्ण गेलं नाही.

परीक्षेच्या दिवशी मुलगा न सांगता आला. अंगात कोट, हातात गाडीची किल्ली, काठावर उभा. त्याने मला कधी पोहताना पाहिलं नव्हतं. पाण्यात उतरण्याआधी मला त्याच्याकडे बघवेना, कारण मी त्या पायजम्यात आणि बनियनमध्ये होते, आणि बनियन त्याचाच होता.

सुरुवात बरी झाली. कुशीवर, हात पुढे, पाणी मागे. मी मनात मोजत होते. अर्ध्यापर्यंत आले आणि दोरी खांद्याला घासायला लागली. मी जोर लावून डावीकडे आले, परत उजवीकडे गेले. धाप लागली. एक लाट तोंडावर आली आणि पाणी नाकात गेलं, त्या दिवशीसारखंच. दोरी हाताच्या अंतरावर होती. धरली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. फक्त कार्ड मिळालं नसतं.

तेव्हा मी काय केलं ते ठरवून केलं नाही. मी उताणी झाले. नदीत दमलो की आम्ही मुली मुडद्यासारख्या पडून राहायचो. बाबांना ते आवडायचं नाही, अभद्र वाटायचं. उताणी झाल्यावर पायाला काही काम उरलं नाही. दोन्ही पाय आपोआप वर आले, चांगला आणि खिळ्यांचा, आणि हात सुपासारखे बाजूने हलवले की मी पुढे सरकत होते. हळू, पण सरळ. केस पूर्ण भिजले. कानात पाणी, बाहेरचा आवाज बंद. व्यायामाचं गाणंही ऐकू येईना. वर छत होतं आणि त्याला लटकलेले दिवे, ते एकेक मागे जात होते.

काठावरून फुलाच्या टोपीची म्हातारी माझ्याबरोबर चालत होती, माझ्या वेगाने, म्हणजे जवळजवळ उभी. मग छताखाली मला पताका दिसल्या. दोरीवर तिकोनी पताका, लाल आणि निळ्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी कुशीवर, नजर पाण्याशी ठेवून पोहणारी, मला त्या आजवर दिसल्याच नव्हत्या. मला वाटलं, आज इथे कुणाची तरी जयंती आहे. म्हातारी त्यांच्याकडे बोट दाखवत होती आणि मग स्वतःच्या डोक्यावर मूठ आपटत होती. मी तिला हात करायच्या बेतात होते, पण हात कामात होते, म्हणून नुसती हसले. चार वेळा हात मारले आणि डोकं टक्कन भिंतीला लागलं.

पोचले होते.

मी वळून भिंत धरली. म्हातारी खाली वाकून माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती. सून टॉवेल घेऊन आली. "आई, लागलं का? त्या पताका त्यासाठीच असतात. उताणं पोहणाऱ्यांना कळावं की भिंत जवळ आली."

"मला वाटलं जयंती आहे."

सुनेने ते शिट्टीवाल्या बाईंना इंग्रजीत सांगितलं की नाही मला माहीत नाही, पण त्यांनी हसत खिशातून कार्ड काढलं आणि सुनेच्या हातात दिलं. माझंच जुनं. कोपरा मुडपलेला.

मुलगा गुडघ्यांवर बसला होता, कोटाचं टोक पाण्यात. तो म्हणाला, "आई, तू कुठे शिकलीस हे?"

"नदीत. तुला सांगितलंय की."

"मध्येच बुडालीस असं वाटलं मला."

"मलापण वाटलं."

त्याने माझ्या टेंगळाला बोट लावून बघितलं.

"चला आई, निघा आता," सून म्हणाली. "मला अकरा वाजता मीटिंग आहे, याला पण कामावर जायचंय."

घड्याळात अजून पंचवीस मिनिटं होती अकराला. त्या एका फेरीत मला पोहण्याचं काहीच सुख मिळालं नव्हतं. सगळा वेळ मी भ्यायलेली होते.

"तुम्ही जा," मी म्हटलं. "मी अजून एकदा जाते. मग बसने येते."

"बसने?" मुलगा म्हणाला आणि सुनेकडे बघायला लागला.

सून काय म्हणाली ते मी ऐकलं नाही. मी पाण्यात उताणी झाले होते, कान बुडाले होते. गुडघे पोटाशी घेतले, दोन्ही पाय भिंतीला लावले, उजव्या घोट्यावर थोडा भार टाकून पाहिला, त्याने तो घेतला, आणि मी जोरात ढकललं.